इनएचएसाठी नवे रेणू: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

टार्गेट, म्हणजे औषधाने ज्यावर घाव घालायचा ते प्रथिन, पक्कं झालं: इनएचए. क्षयरोगाच्या जीवाणूतलं एन्झाइम, २६९ अमिनो आम्लांचं, चार प्रती एकत्र येऊन काम करणारं. जीवाणूच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. त्या आम्लांची लांबलचक साखळी वाढवताना दर फेरीत एक दुहेरी बंध घालवावा लागतो. ते काम इनएचएचं, आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन ते एनएडी या मदतनीस रेणूच्या एनएडीएच रूपाकडून घेतं. हे थांबलं की भिंत पुरी होत नाही आणि जीवाणू मरतो.

"इतकं जुनं टार्गेट कशाला?" हा प्रश्न बैठकीत आलाच. उत्तर आयसोनायझिडच्या इतिहासात आहे. हे औषध १९५२ पासून वापरात आहे, पण ते नेमकं कुठे घाव घालतं याचा धागा हाती लागायला चाळीस वर्षं गेली. इनएचएचं जनुक १९९४ मध्ये पुढे आलं, प्रथिनाची स्फटिक रचना १९९५ मध्ये. त्यातही गंमत अशी, की आयसोनायझिड स्वतः इनएचएला धरतच नाही. जीवाणूचंच कॅटजी नावाचं दुसरं एन्झाइम त्याला सक्रिय करतं, मग ते एनएडीला जोडलं जातं आणि हा जोडरेणू इनएचएच्या पॉकेटमध्ये, म्हणजे रेणू बसायच्या खोबणीत, जाऊन बसतो. १९९८ मध्ये हे स्फटिकात प्रत्यक्ष दिसलं.

म्हणजे जीवाणूला आयसोनायझिड चुकवायचं तर इनएचए बदलण्याची गरजच नाही. कॅटजी बिघडवलं की झालं. प्रतिरोधी जीवाणूंमध्ये सर्वाधिक सापडतो तो हाच बदल: कॅटजीमधल्या ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन. टार्गेट शाबूत आहे, फक्त तिथे जायची वाट बंद झालीय. कॅटजीची मदत न घेता इनएचएला थेट धरणारा रेणू मिळाला तर अशा जीवाणूंवरही तो चालायला हवा. एवढाच आमचा मुद्दा.

कामाची व्याप्ती आत्ताच लिहून ठेवतो. आम्ही औषध शोधणार नाही. विकत मिळू शकणाऱ्या लाखो रेणूंमधून, कॉम्प्युटरच्या मदतीने, प्रयोगशाळेने तपासावेत असे दोन डझन रेणू निवडून देणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख दगावले. असा आकडा समोर असला की "कॉम्प्युटरने औषध शोधलं" छापाची वाक्यं सहज तोंडात येतात. अहवालात ती चालणार नाहीत, असं सर्वांनी मिळून ठरवलंय.

९ जानेवारी

रचना निवडणं. प्रोटीन डेटा बँकेत इनएचएच्या रचनांचा तुटवडा नाही, त्यामुळे कुठली घ्यायची हीच अडचण. रिकाम्या पॉकेटची नको. कुठला तरी थेट रोधक (एन्झाइमला स्वतः धरून थांबवणारा रेणू) आत बसलेला हवा, म्हणजे पॉकेट रेणूला जागा देईल इतकं उघडलेलं मिळतं. पायरोलिडीन कार्बॉक्सामाइड गटातला रेणू असलेली एक रचना घेतली. रिझोल्यूशन दोन आँगस्ट्रॉमपेक्षा चांगलं (आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग).

आता तयारी. बाहेरच्यांना हे काम कारकुनी वाटतं, पण निम्मा निकाल इथेच लागतो.

पहिली गोष्ट एनएडीची. तयार स्क्रिप्टा प्रथिन सोडून बाकी सगळं साफ करतात: पाणी, क्षार, स्फटिक वाढवायला वापरलेली रसायनं, आणि त्यांच्यासोबत एनएडीसुद्धा. इनएचएमध्ये एनएडी म्हणजे पॉकेटची एक अख्खी भिंत आहे. ती काढली तर डॉकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू पॉकेटमध्ये बसवून त्याला गुण देणं, सुरळीत होईल, गुणही झकास येतील, आणि सगळे रेणू एनएडीच्या जागेत जाऊन बसलेले दिसतील. म्हणून स्क्रिप्टच्या साफसफाईतून एनएडीला नावानिशी वगळलं.

दुसरी गोष्ट, एनएडी कुठल्या रूपात? ट्रायक्लोसानच्या कुळातले डायफेनिल इथर एनएडी-प्लस असलेल्या एन्झाइमला पसंती देतात, तर ४-हायड्रॉक्सी-२-पायरिडोन गटातले रेणू एनएडीएच असलेल्या. निकोटिनामाइडच्या कड्यावर भार आहे की नाही, एवढाच फरक, पण रेणू नेमका त्याच कड्यावर टेकतो. दोन्ही रूपांच्या दोन वेगळ्या फाइली केल्या.

तिसरी, हायड्रोजन. क्ष-किरणांना या रिझोल्यूशनवर हायड्रोजन दिसत नाहीत, ते आपणच बसवायचे. हिस्टिडीनच्या कुठल्या नायट्रोजनवर हायड्रोजन धरायचा, ॲस्पॅराजीन-ग्लुटामीनचं टोक उलटं तर नोंदलेलं नाही ना, हे एकेक करून पाहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

१४ जानेवारी

रीडॉकिंग. स्फटिकातला रेणू बाहेर काढला, त्याचा आकार विस्कटला आणि ऑटोडॉक व्हिना या डॉकिंग प्रोग्रामला परत बसवायला सांगितलं. मूळ जागेपासूनचं अंतर दोन आँगस्ट्रॉमच्या आत आलं. रूढ निकष हाच. कार्बोनिल बरोबर जागी गेलं: एकीकडे टायरोसीन १५८ चा (इनएचएच्या साखळीतल्या १५८ व्या अमिनो आम्लाचा) हायड्रॉक्सिल, दुसरीकडे एनएडीच्या रायबोजवरचा हायड्रॉक्सिल, दोघांनी मिळून धरलेलं. इनएचएच्या बहुतेक थेट रोधकांची ही ओळखीची पकड.

हे पास होणं म्हणजे फार काही नाही. त्याच रेणूभोवती घडलेल्या पॉकेटमध्ये तोच रेणू परत बसणारच.

मग मुद्दाम आयसोनायझिड डॉक केलं. गुण अगदी साधारण आले, यादीत कुठे तरी तळाला जाईल इतके. तसे यायलाच हवेत, कारण रेणूभार जेमतेम १३७ आहे आणि सक्रिय रूप वेगळंच आहे. पण ही ओळ अहवालात ठळक छापणार. सत्तरहून अधिक वर्षं चाललेलं औषध, त्याचंच टार्गेट, आणि आमच्या पद्धतीने ते पहिल्या फेरीतच बाद झालं असतं. डॉकिंग फक्त एका प्रश्नाचं उत्तर देतं: हा रेणू, ह्या रूपात, ह्या पॉकेटमध्ये मावतो का? शरीरात किंवा जीवाणूत त्याचं पुढे काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

२२ जानेवारी

टायरोसीन १५८ वरून आज बराच वाद झाला. प्रस्ताव असा होता, की ज्या रेणूची १५८ शी हायड्रोजन बंधाने गाठ पडत नाही तो सरळ काढून टाकायचा. यादी झटक्यात आटोपशीर होईल, आणि बहुतेक ज्ञात रोधक ही अट पाळतात.

मी विरोधात होतो. २०१३ मध्ये मिथाइल-थायाझोल गटाचे इनएचए रोधक प्रसिद्ध झाले. त्यांच्या रचनेत टायरोसीन १५८ ची बाजूची साखळी चक्क बाहेर वळलेली आहे. ती पकड नाहीच, आणि तरी रेणू चांगला रोधक आहे. आमची अट लावली असती तर तो कधीच दिसला नसता. ज्ञात रेणूंवरून नियम बनवायचा आणि त्या नियमाने नवे रेणू गाळायचे, असं केलं की हाती पुन्हा ज्ञात रेणूंचे भाऊबंदच येतात.

तोडगा निघाला: टायरोसीन आत असलेली आणि बाहेर वळलेली, अशा दोन रचना समांतर वापरायच्या. आत असलेल्या रचनेत हायड्रोजन बंधाची अट राहील, बाहेरच्या रचनेत नाही. एनएडीची दोन रूपं धरून एकूण चार रिसेप्टर फाइली, म्हणजे डॉकिंगसाठी तयार केलेल्या प्रथिनाच्या फाइली, झाल्या. खर्चही चौपट.

पॉकेटच्या तोंडाशी असलेला लूप, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा सैल भाग, सहावं हेलिक्स, कुठे व्यवस्थित बसलेला दिसतो तर कुठे दिसतच नाही. त्याचं काय करायचं याचं समाधानकारक उत्तर आज मिळालं नाही.

३ फेब्रुवारी

फिल्टर. लिपिन्स्कीचे नियम १९९७ चे: रेणूभार ५०० पर्यंत, लॉगपी (तेलकटपणाचं माप) ५ पर्यंत, हायड्रोजन देणारे गट ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी बांधलेला हा अंदाज आहे, कायदा नाही. तरी तो जवळपास प्रत्येक पाइपलाइनमध्ये कायद्यासारखा बसलेला असतो.

म्हणून गाळणी लावण्याआधी त्याच गाळणीतून क्षयरोगाची ज्ञात औषधं सोडून पाहिली. रिफॅम्पिसिन, रेणूभार ८२३: बाद. बेडाक्विलिन, ५५५, आणि लॉगपी पाचाच्या बराच वर: बाद. आता उलट टोक. बरेच जण "औषधासारखा" रेणू हवा म्हणून २५० ची खालची मर्यादाही घालतात. आयसोनायझिड १३७, पायराझिनामाइड १२३: दोन्ही बाद. हायड्राझाइड गटावर धोक्याची खूण लावणाऱ्या याद्या आहेत, त्यात आयसोनायझिड आणखी एकदा अडकतं. क्षयरोगाच्या उपचाराचा कणा असलेली औषधं आमच्या चाळणीने बाद केली.

यावर चाळण्या सोडून द्याव्यात असं मला वाटत नाही. लाखो रेणूंना कुठे तरी कात्री लावावीच लागते. पण प्रत्येक कात्रीपुढे "हिने काय गमावलं" हा रकाना हवा. भार ५५० पर्यंत सैल केला, खालची मर्यादा काढली, लॉगपी मात्र ५ वरच धरला. कारण २० तारखेच्या आसपास कळेलच.

११ फेब्रुवारी

लायब्ररी. औषधासारखे शक्य असलेले लहान सेंद्रिय रेणू किती, याचा वारंवार दिला जाणारा अंदाज एकावर साठ शून्यं असा आहे. झिंक नावाच्या संग्रहासारख्या मोफत याद्यांमध्ये विकत मिळणारे किंवा मागणीनुसार बनवून मिळणारे रेणू असतात आणि त्यांची संख्या आता अब्जांत गेलीय. २०१९ मध्ये डोपामिनच्या डी४ रिसेप्टरवर १३ कोटी ८० लाख रेणू डॉक करून त्यांतले ५४९ प्रत्यक्ष बनवून तपासले गेले आणि त्यांतून १८० पिकोमोलर ताकदीचा (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) रेणू हाती लागला. तो शोधनिबंध वाचून आमच्याकडेही "कोटीत जाऊया" अशी हवा झाली होती.

हिशेब मांडला की हवा जाते. एका रेणूला प्रोसेसरच्या एका कोअरवर दहा सेकंद धरले तर दहा लाख रेणूंना एक कोटी सेकंद, म्हणजे ११६ दिवस. शंभर कोअर मिळाले तर २८ तास. चार रिसेप्टर म्हणजे पाच दिवसांच्या आत. आपली झेप एवढीच, दहा लाख. ठीक आहे.

रेणू फाइलीत ओळीने लिहिलेले येतात, त्रिमितीय आकार आपण तयार करायचा. इथे टॉटोमरची डोकेदुखी असते. ४-हायड्रॉक्सी-२-पायरिडोन हा २-हायड्रॉक्सी-४-पायरिडोन म्हणूनही लिहिता येतो. हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर जातो, बाकी रेणू तोच. पण डॉकिंगच्या दृष्टीने बंध देणारी जागा घेणारी झाली, म्हणजे रेणूच वेगळा. एनआयटीडी-९१६, म्हणजे उंदरांमध्येही परिणाम दिसलेला इनएचएचा थेट रोधक, नेमका याच कुळातला. म्हणून प्रत्येक रेणूची शरीराच्या पीएचला संभवणारी सगळी रूपं तयार केली. यादी फुगली. फुगू दे.

१७ फेब्रुवारी

रन संपला. सर्व्हर मधे एकदा बंद पडला, पण तुकडे पाडून टाकलेलं असल्यामुळे फक्त शेवटचा तुकडा पुन्हा चालवावा लागला.

२० फेब्रुवारी

वरचे हजार रेणू उघडले. जे वाटलं होतं तेच: लांब, चिकट, तेलकट रेणूंची रांग. इनएचएचं पॉकेट मुळात सोळा आणि त्याहून जास्त कार्बनच्या मेदाम्ल साखळ्यांसाठी घडलंय. पाण्याला नको असलेला लांब बोगदा. स्कोअरिंग फंक्शन, म्हणजे गुण देणारं सूत्र, अशा बोगद्यात भरलेल्या प्रत्येक कार्बनला थोडे थोडे गुण देतं. तेव्हा जो रेणू मोठा आणि तेलकट, तो वर. लॉगपीची मर्यादा सैल केली असती तर वरच्या हजारात दुसरं काही दिसलंच नसतं.

गुणांना जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून पाहिलं. त्याने तोल उलटा जातो, चिमुकले रेणू वर येतात. शेवटी आकाराप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटातले वरचे काही घेतले. शास्त्रीय म्हणवणार नाही, पण डोळ्याला पटतं.

आकड्यांबद्दल एक नोंद नव्या सहकाऱ्यांसाठी. उणे ९.५ किलोकॅलरी (गुण जितके उणे तितकी पकड घट्ट) म्हणजे कागदावर शंभर नॅनोमोलरच्या आसपासची पकड. खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की पकड दहा पटींनी बदलते. आणि या प्रकारच्या स्कोअरिंगची सर्वसाधारण चूकच दोन-तीन किलोकॅलरींची असते. म्हणजे उणे ९.५ आणि उणे ९.१ यांच्यात क्रम लावणं निरर्थक आहे. यादीतला ४ था आणि ४०० वा यांच्यात फरक आहे असंही मी शपथेवर सांगणार नाही. पहिले पाच हजार आणि शेवटचे पाच लाख यांच्यात मात्र आहे.

४ मार्च

मशीन लर्निंगवाल्या भागाचा निकाल. डीयूडी-ई हा २०१२ चा प्रसिद्ध संच आहे: १०२ टार्गेट, प्रत्येक सक्रिय रेणूमागे सरासरी ५० डिकॉय, म्हणजे दिसायला सारखे पण निष्क्रिय मानलेले रेणू. इनएचएही त्यात आहे. प्रथिन आणि रेणू दोन्ही पाहून "बसेल की नाही" सांगणारं न्यूरल नेटवर्क त्यावर शिकवलं. निकाल इतके सुंदर आले की संशय यावा.

संशयाला कारण होतं. २०१९ मध्ये एका शोधनिबंधाने दाखवून दिलं होतं, की या संचावर शिकलेलं नेटवर्क प्रथिन काढून घेतलं तरी जवळपास तितकंच चांगलं चालतं. आमच्या मॉडेलवर तोच प्रयोग केला. प्रथिनाच्या जागी रिकामी पेटी दिली, फक्त रेणू ठेवला. अचूकता जेमतेम हलली. म्हणजे मॉडेल पॉकेट बघतच नाही. सक्रिय रेणू आणि डिकॉय निवडण्याच्या पद्धतीत जो फरक राहून गेलाय, तेवढाच ते ओळखतं. पेपर फुटलेल्या परीक्षेतले मार्क.

"पण पैकीच्या पैकी तर मिळतात" असा बचाव ऐकून घेतला. मग मॉडेल रिसेप्टर-अंध चाचणीच्या निकालासह बाजूला ठेवलं. यापुढे कुणीही नवं मॉडेल आणलं तर आधी प्रथिन काढून चालवायचं, मग बोलायचं. ही चाचणी दहा मिनिटांत होते, आणि ती न करता छापलेले आलेख मी आता गंभीरपणे घेत नाही.

१३ मार्च

डिफ्यूजन या एआय पद्धतीवर चालणारं डॉकिंग वरच्या काही शे रेणूंवर चालवलं. भन्नाट वेग. मग पोझबस्टर्स या प्रोग्रामने तपासणी: बंधांची लांबी, कोन, कायरॅलिटी (डाव्या-उजव्या हातासारखी ठेवण), प्रथिनाशी होणारी टक्कर. बऱ्याच पोझ, म्हणजे रेणू बसवल्याच्या स्थिती, अडल्या. कुठे अणू प्रथिनाच्या अणूत घुसलेला, कुठे सपाट असायला हवं ते कडं वाकलेलं, एक-दोन ठिकाणी कायरल केंद्रच उलटलेलं, म्हणजे यादीत दिलेला रेणू एक आणि पॉकेटमध्ये बसवलेला दुसरा.

पास झालेल्या आणि व्हिनाशी जुळलेल्या पोझ ठेवल्या. दोन वेगळ्या स्वभावाच्या पद्धती एकाच जागी बोट ठेवत असतील तर त्याला काही अर्थ आहे.

२५ मार्च

आजचा पूर्ण दिवस केमिस्ट मॅडमसोबत. प्रोजेक्टरवर एकेक रेणू, पॉकेटसकट. या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम आज झालं असं माझं मत आहे, आणि त्यात कॉम्प्युटरचा वाटा फक्त चित्र दाखवण्याचा होता.

तिसऱ्याच रेणूवर त्या थांबल्या. "हे सायक्लोहेक्झेन नावेत का बसलंय?" पाहिलं तर खरंच, कडं खुर्चीच्या सैल आकाराऐवजी नावेच्या ताणलेल्या आकारात. व्हिना कड्यांना हात लावत नाही, फक्त फिरणारे बंध फिरवतं. कडं सुरुवातीच्या त्रिमितीय आकारात जसं आलं तसंच शेवटपर्यंत राहतं. सायक्लोहेक्झेनचं पिळवटलेल्या नावेचं रूप खुर्चीपेक्षा सुमारे साडेपाच किलोकॅलरी महाग असतं. गुणांत याची वजावट कुठेच नाही. खुर्चीत बसवून पुन्हा डॉक केलं, तर रेणू मावेना. बाद. मग सगळ्या यादीवर कड्यांची तपासणी लावली आणि आणखी बरेच गळाले.

पुढचा. कार्बॉक्सिलेट, उणे भारासह, तेलकट बोगद्याच्या मधोमध, आणि जवळ ना लायसीन, ना आर्जिनीन, ना पाणी. "हा पाण्यातलं सुख सोडून इथे कशाला येईल?" बाद.

रोडॅनीनचं कडं असलेले रेणू बघताच त्यांनी हात उडवला. हे गट जवळपास प्रत्येक चाचणीत सक्रिय दिसतात आणि जवळपास कशाचंच औषध होत नाहीत. २०१० पासून अशा उपद्रवी गटांच्या याद्या प्रसिद्ध आहेत आणि आमच्या गाळणीत त्या होत्याही, पण किंचित बदललेलं कडं निसटून आलं होतं. गाळणी अक्षर बघते, मॅडमना वळण ओळखू येतं.

उलटही झालं. गुणांमध्ये बराच मागे असलेला एक बायसायक्लिक अमाइड त्यांनी ओढून वर घेतला. आकार लहान, ताण नाही, टायरोसीनशी पकड बरोबर, आणि मुख्य म्हणजे "याला तीन बाजूंनी हात लावता येतो". म्हणजे पुढे बदल करून पाहायला मोकळ्या जागा आहेत. हा निकष कुठल्याच स्कोअरमध्ये नसतो. मी माझ्या वहीत त्याला "अमाइड-ब" म्हणतोय.

८ एप्रिल

ऑर्डर गेली. दोन डझनांच्या आत, एकमेकांशी शक्य तितके न जुळणारे.

१९ मे

पेट्या आल्या. मागणीनुसार बनवून देतो म्हटलेल्यांपैकी काही बनलेच नाहीत. यादीत "उपलब्ध" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ "बहुधा बनेल" एवढाच. आलेले रेणू शुद्धता तपासायला वेगळे पाठवले.

५ जून

एन्झाइमची चाचणी. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, एनएडी-प्लस शोषत नाही. एन्झाइम चालू असेल तर शोषण घटत जातं. रोधक असेल तर घट मंदावते. साधी, जुनी, विश्वासाची पद्धत. अट एकच: रेणूने स्वतः ३४० वर शोषू नये. आमच्यातले दोन पिवळसर द्रावणं देत होते, त्यांचे आकडे वेगळे ठेवले.

बहुतेक रेणू निष्क्रिय. हे अपेक्षितच होतं आणि तसं सुरुवातीला लिहूनही ठेवलंय. काही थोडे दहा मायक्रोमोलरच्या आसपास रोध दाखवतात. आमच्या गुणांच्या यादीत अगदी वर असलेला त्यात होता, त्यामुळे खोलीत थोडा आनंदीआनंद झाला.

मग चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून तीच प्लेट पुन्हा लावली. यादीतला पहिला सपाट. त्याचा रोध पूर्ण गेला. असे तेलकट रेणू द्रावणात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात, एन्झाइम त्या गोळ्यांवर चिकटून निकामी होतं आणि आपल्याला वाटतं रोधक सापडला. डिटर्जंटने गोळे फुटतात आणि सोंग उघडं पडतं. पॉकेटशी त्याचा काही संबंध नव्हता.

डिटर्जंटनंतरही टिकले त्यांत अमाइड-ब आहे. ताकद माफक, पण मात्रा वाढवली तशी रोधाची रेघ नीट चढत गेली. एनएडीएचचं प्रमाण बदललं की रोधही बदलतो, म्हणजे को-फॅक्टरशी (एनएडीशी) त्याचं काही नातं आहे. हे आमच्या पोझशी सुसंगत आहे, पुरावा मात्र नव्हे. पुरावा स्फटिकातून येईल.

१६ जून

बोल्ट्झ-२ हे एआय मॉडेल याच महिन्यात खुलं झालं. रचनेसोबत पकडीची ताकदही सांगतं आणि कोड मोफत आहे. मोह आवरला नाही, आमचे सगळे तपासलेले रेणू त्यात टाकले. अमाइड-ब वरच्या भागात आला. पण तो गोळे करणारा रेणूही आला. द्रावणात काय होतं हे असं मॉडेल पाहत नाही, तेव्हा याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रिसेप्टर-अंध चाचणी इथे कशी लावायची ते ठरवायचंय. प्रथिन काढून टाकता येत नाही, पण पॉकेटमधली अमिनो आम्लं ग्लायसीनमध्ये बदलून बघता येईल.

२१ जुलै

जीवाणूवरचे निकाल. एच३७आरए वापरला, म्हणजे रोग न करणारा भाऊबंद, कारण खऱ्या रोगकारक जीवाणूसाठी लागणारी उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आमच्याकडे नाही. हा जीवाणू साधारण दिवसातून एकदा दुभंगतो, त्यामुळे एका प्लेटचं उत्तर यायला आठवडे लागतात. ई. कोलायवर काम केलेल्या माणसाला हे छळ वाटतं.

अमाइड-ब ने वाढ थांबवली नाही. मोजलेल्या सर्वांत जास्त मात्रेलाही नाही.

या टार्गेटच्या इतिहासात हे नवीन नाही. एन्झाइमवर नॅनोमोलर आणि जीवाणूवर ढिम्म, असे इनएचएचे थेट रोधक भरपूर झालेत. कारणांचा क्रम आम्ही असा लावलाय. एक, भिंत: ज्या मेणचट थरावर आम्ही घाव घालतोय, तोच रेणूला बाहेर अडवतो. दोन, आत गेलेला रेणू पंपाने बाहेर फेकला जातो. तीन, माध्यम: मिडलब्रुक ७एच९ या वाढीच्या द्रावणात घालतात ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तेलकट रेणूंना धरून ठेवतं, म्हणजे जीवाणूपर्यंत पोचणारी मात्रा आपण समजतो त्याहून कमी. हे तिसरं तपासणं सोपं आहे, अल्ब्युमिन वगळून प्लेट लावली आहे.

चौथं कारण वेळेचं. पीटी-७० नावाच्या डायफेनिल इथरची इनएचएवरची पकड २२ पिकोमोलर मोजली गेलीय आणि तो एन्झाइमवर २४ मिनिटं टिकतो. हळू बसतो आणि हळू सुटतो, कारण तो बसताना सहावं हेलिक्स, तोच जानेवारीत सोडून दिलेला लूप, हळूहळू व्यवस्थित होत जातो. डॉकिंगच्या स्थिर चित्रात हा काळ नसतोच. अमाइड-ब बहुधा झटकन बसतो आणि झटकन उठून जातो.

बैठकीत एकाने बेडाक्विलिनचं उदाहरण दिलं. क्षयरोगासाठी २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं ते औषध कुठल्याही टार्गेटवरून शोधलेलं नाही. आधी जिवंत मायकोबॅक्टेरियावर रेणू टाकून पाहिले, मरतात म्हटल्यावर मग कशामुळे मरतात ते शोधलं, आणि एटीपी सिंथेझ सापडलं. एनआयटीडी-९१६ चं कुळही जिवंत जीवाणूवरच्या तपासणीतूनच आलं. "मग आपण उलट्या टोकाने का चाललोय?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: जिवंत जीवाणूवरून आलेला रेणू सुधारायला घेतला की शेवटी पॉकेटमध्येच यावं लागतं, आणि त्या वेळी चार रिसेप्टर फाइली तयार असलेल्या बऱ्या. सर्वांना पटलं असं नाही.

४ ऑगस्ट

अल्ब्युमिनविना लावलेल्या प्लेटवर अमाइड-ब ने जास्तीत जास्त मात्रेला वाढ मंदावली. थांबवली नाही. पण आता काही तरी आत पोचतंय असं म्हणायला जागा आहे. हा परिणाम इनएचएमुळेच आहे का, हे बघायला इनएचए जास्त प्रमाणात बनवणारा स्ट्रेन लावणार. टार्गेट तेच असेल तर त्या स्ट्रेनला रोखायला जास्त रेणू लागायला हवा. तितकाच लागला, तर जीवाणू दुसऱ्याच कशाने मंदावतोय.

कॉम्प्युटरकडे आता वेगळं काम. नवा रेणू शोधायचा नाही, अमाइड-ब मध्ये लहान लहान बदल करून कुठला आधी बनवायचा ते ठरवायचं. त्यासाठी सापेक्ष मुक्त ऊर्जेची गणितं, म्हणजे एक रेणू पॉकेटमध्ये आणि पाण्यात हळूहळू दुसऱ्यात बदलत नेऊन फरक मोजणं. सूत्र १९५४ चं आहे, ते रोज वापरण्याजोगे कॉम्प्युटर अलीकडे आले. चांगल्या परिस्थितीत चूक एका किलोकॅलरीच्या आसपास राहते, म्हणजे डॉकिंगपेक्षा कितीतरी बरी, आणि खर्च एका बदलामागे डॉकिंगच्या हजारो पट. शिवाय सुरुवातीची पोझच चुकीची असेल तर सगळं गणित वाया. म्हणून स्फटिकासाठी एन्झाइम शुद्ध करायला घेतलंय.

रांगेत टाकलेले बदल: अमाइडच्या पलीकडच्या कड्यावर क्लोरीनऐवजी फ्लोरीन, त्याच कड्यात एक कार्बन काढून नायट्रोजन, आणि बोगद्याकडे जाणाऱ्या टोकाला एक मिथाइल. पहिले दोन तेलकटपणा कमी करायला, तिसरा पकड वाढवायला. मॅडमचं म्हणणं मिथाइल चालणार नाही, तिथे सहावं हेलिक्स आडवं येईल. गणिताचा निकाल येण्याआधी त्यांनी हे कागदावर लिहून तारीख टाकून दिलंय, आणि तो कागद मी फाइलला लावलाय.